एक्स-रे फोनमध्येच आहे

ग्रंथपालाच्या डाव्या हिरडीत सुई टोचून झाल्यावर दंतवैद्य म्हणाले, "आता दाखवा तो एक्स-रे. खालच्या तीन दातांपैकी नक्की कुठला काढायचाय, बघू."

ग्रंथपालाने जीभ हलवून पाहिली. ती जागेवर नव्हती. त्याने बायकोकडे फोन दिला.

"आहे ना डॉक्टर. लॅबच्या ॲपवरून ह्यांनी काल माझ्यासमोर उतरवून घेतला," बायको म्हणाली. पण फोनने तो सुजलेला चेहरा ओळखायला साफ नकार दिला. "त्याला तरी काय बोलणार? मलाही सकाळपासून जडच जातंय."

शेवटी ग्रंथपालाने पासवर्ड बोटांवर मोजून दाखवला. ॲप उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'ही फाईल आधीच डाउनलोड झाली आहे.'

"कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"'तुमच्या फोनमध्ये,' म्हणतंय."

ग्रंथपालाने डॉक्टरांचं पॅड ओढून घेतलं आणि लिहिलं : "फोनमध्ये म्हणजे कुठे? मी काय फ्रिजमध्ये शोधणार होतो?"

राग साहजिक होता. अठरा हजार पुस्तकांतलं कुठलंही पुस्तक हा माणूस कपाट, खण आणि क्रमांकासकट सांगत असे. इथे एका दाताचा पत्ता लागत नव्हता. 'डाउनलोड्स'मध्ये सोसायटीची एकच नोटीस अकरा वेळा होती. 'डॉक्युमेंट्स'मध्ये काहीच नव्हतं. "मग उघडलंय कशाला हे दुकान?" ग्रंथपालाने पॅडवर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"माझ्या फोनमध्ये सगळं सरळ गॅलरीत जातं," डॉक्टर म्हणाले.

"मग तुमच्या गॅलरीत बघा ना ह्यांचा दात!"

डॉक्टरांनी लॅबला फोन लावला. लॅब म्हणाली, ॲपवर टाकलाय. बायकोने वैतागून ॲप काढून टाकलं आणि पुन्हा घेतलं. आता ॲप म्हणालं, 'हा अहवाल एकदाच डाउनलोड करता येतो.'

"तुम्हीच काढा की नवीन!"

"इथलं मशीन बंद आहे, म्हणून तर लॅबला पाठवलं होतं."

पाऊण तास झाला. अचानक बायको ओरडली, "सापडला!"

डॉक्टरांनी फोन उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिलं.

"हा गुडघा आहे."

"अगंबाई, आईचा! तीन वर्षं शोधतेय मी हा!"

ग्रंथपाल पॅडवर काहीतरी लिहिणार, इतक्यात त्याच्या हातातलं पेन गळून पडलं. बधिरपणा उतरला होता. जबड्यात एकाच ठिकाणी, अगदी एकाच ठिकाणी, जाळ पेटला. त्याने तोंडात बोट घालून तिथे दाबलं.

"हा! खाली डावीकडे, शेवटून दुसरा! अजून कुणाला पत्ता हवाय?"

"हे आधी नाही का सांगायचं?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही तोंड बंद केलंत आधी!"

"बरं, बोट काढा. पुन्हा इंजेक्शन देतो."

"नाही काढणार. काढलं की तुम्ही विचाराल, कुठे होता?"

"अहो, मला कळलंय कुठला ते!"

"ॲपलाही कळलंय!"

बायकोने समजावलं, डॉक्टरांनी शपथ घेतली, बोट हललं नाही. शेवटी डॉक्टरांनी कडेकडेने, अंदाजानेच सुई घातली.

दात बरोबर तोच निघाला. बोट मात्र संध्याकाळपर्यंत बधीर होतं.