निळ्या गाडीखालची वीट

आमच्या घराण्यात वाहनाचा मान मोठा. माझे पणजेसासरे दोन घोड्यांची बग्गी स्वतः हाकत, म्हणून जग त्यांना लगामराव म्हणे. आजेसासऱ्यांनी गल्लीत पहिली सायकल आणली आणि ते घंटीराव झाले. सासऱ्यांनी काळी मोटार घेतली. ती सुरू होण्याआधी तिचा भोंगा वाजे, म्हणून ते भोंगाराव. चौथ्या पिढीत हा वारसा माझ्या यजमानांकडे यायचा. पण त्यांना गाडी लागत असे! उभी असली तरी! सबब तो माझ्याकडे आला आणि मी तो समर्थपणे पेलला, हे मी नम्रपणे नव्हे, स्वच्छ अभिमानाने सांगते. उभ्या आयुष्यात 'चुकले' हा शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही. निदान गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी दुपारी साडेतीनपर्यंत तरी गेला नव्हता.

सासऱ्यांचा छापखाना होता. तिथे दरवर्षी बारा मोटारींची दिनदर्शिका छापली जाई. तेव्हा मी वीस वर्षांची नवी सून होते आणि माझी नणंद होती सोळा वर्षांची. वयाने धाकटी, तरी घरच्या शिस्तीप्रमाणे मी त्यांना वन्सं म्हणे आणि त्या मला वहिनी. छपाईत बिघडलेली पाने आम्ही दोघी पळवून आणत असू आणि कपाटातल्या कागदाखाली दडवत असू. जूनची लांबलचक पांढरी, छत उघडणारी. मार्चची लाल, डोळे वटारलेली. पण आमचा जीव जडला तो नोव्हेंबरच्या दोन दारांच्या आभाळी गाडीवर. त्या पानावर निळा रंग रेषेतून बोटभर पुढे सरकला होता. गाडी उभ्या जागी पळते आहे असे वाटे!

"ही मी घेणार," मी म्हणे.

"आणि चालवणार मी," वन्सं म्हणत.

एका दुपारी सासरे झोपले असता मी त्यांच्या काळ्या मोटारीत जाऊन नुसती बसले. वन्सं खिडकीत पहाऱ्यावर. एक दांडा दिसला, तो मी सोडून पाहिला. अंगणाला उतार! मोटार अशा डौलात निघाली की जणू तिला कुणी पाचारण केले असावे, आणि थेट पाण्याच्या टाकीला जाऊन भिडली.

सासरे बनियनवरच बाहेर आले. "कोणी केलं?"

मी तोंड उघडले. बाहेर आली ती उचकी!

"मी," वन्सं म्हणाल्या.

निकाल तिथल्या तिथे लागला. या मुलीने जन्मात पुन्हा गाडीला हात लावायचा नाही! वन्सं गणिताच्या शिक्षिका झाल्या, चौतीस वर्षे बसने शाळेत गेल्या, लग्न न करता याच घरात राहिल्या. पण हात म्हणून लावला नाही. मी मात्र पुढच्याच वर्षी गाडी शिकले. आणि 'आत्याने टाकीवर गाडी घातली' हा किस्सा पाहुण्यांना रंगवून कोण सांगे? मीच! दर खेपेस टाकी थोडी मोठी होई. वन्सं समोर विणत बसत. एखादा टाका सुटे. तोंडातून शब्द सुटत नसे.

बावन्न वर्षांनी ती आभाळी गाडी मला एका निवृत्त दंतवैद्याकडे ताडपत्रीखाली सापडली. मी ती घेतली. आमचे चिरंजीव विमा कंपनीत अधिकारी आहेत. त्यांना प्रत्येक गाडीत भावी अपघातच दिसतो.

"आई, एक ओरखडा जरी आला ना, तर किल्ली माझ्या खिशात आणि गाडी परत!"

"ओरखडा? माझ्या हातून? बाळा, तू कोणाशी बोलतो आहेस?"

मंगळवारी गाडी आली. मिस्त्रीने तपासली आणि पुढच्या चाकाखाली वीट सारली.

"आजी, ब्रेकचं तेल पार गळून गेलंय. चारच्या सुमारास येतो. तोवर वीट काढू नका, काय?"

सुमारास! मला आयुष्यात काहीही सुमार खपलेले नाही. दोन वाजल्यापासून मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. काचा पुसल्या. पुसलेल्या काचा पुसल्या. घड्याळ कानाशी धरून पाहिले.

"आई, बसा ना जरा," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला बघून मलाच धाप लागलीय!"

"मला गाडीत बसायचं आहे. खुर्चीत नाही!"

साडेतीनला चष्मा बदलायला आत गेले. बाहेर येते तो काय! वीट भिंतीशी नीट टेकून ठेवलेली, आणि अडुसष्ट वर्षांच्या वन्सं चालकाच्या जागी, दोन्ही हात चाकावर!

"वन्सं! वीट?"

"काढली. एवढ्या देखण्या गाडीपुढे वीट बरी दिसते का, वहिनी?"

"बरं, त्या हँडब्रेकला हात लावू नका!"

"ह्या?" म्हणून त्यांनी लावून दाखवला.

गाडी हलली.

"ओढा तो परत!"

"ओढला! हातात आला, अख्खा!"

"पायाखालचा मधला दाबा!"

"दाबला! खाली काही लागतच नाही!"

गाडी फाटकातून सरळ गल्लीत उतरली. धावणे मला शोभत नाही. म्हणून मी दाराची मूठ धरून बाजूने झपझप चालत होते. वन्सं तुटलेला दांडा हलवून मदत मागत होत्या. समोरच्या गच्चीवरच्या काकूंना वाटले, निरोप घेताहेत. त्यांनी रुमाल हलवला! "सावकाश जा हं!" एवढ्यात अंगण रिकामे पाहून सूनबाई वरून किंचाळली, "चोर! गाडी नेली!"

गल्लीत नव्यानेच दुकान थाटलेला न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, आणि त्याच्यामागे अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईक. गाडीला लटकलेली मी एकटीच!

"आजी, सोडा गाडी!"

"मूर्खा, माझीच आहे!"

"सगळे चोर असंच म्हणतात," गिऱ्हाईक म्हणाले.

"वन्सं, कडेला घ्या!"

"कोणत्या? कडा दोन आहेत, वहिनी!"

कोपऱ्यावरून एक पांढरी गाडी वळली. चिरंजीवांची! ठप्प! निळ्या गाडीचा पुढचा दिवा घरंगळत न्हाव्याच्या पायाशी गेला. पांढऱ्या दारावर बोटभर निळा रंग सरकला. थेट नोव्हेंबरच्या पानासारखा.

चिरंजीव उतरले. "कोणी केलं?"

आवाज हुबेहूब सासऱ्यांचा! मग त्यांना दांडा दिसला. "आत्या! पुन्हा?"

वन्संचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा पांढराफटक पडला. त्यांनी तोंड उघडले. त्या काय म्हणणार, हे मला ठाऊक होते. पण या खेपेस उचकी माझ्या आधी आली नाही.

"मी," मी म्हणाले. "वीट मी काढली. दांडा मी सोडला. यांना मी नुसतं बसवलं होतं. आणि ती टाकीही माझीच. बावन्न वर्षांपूर्वी यांनी माझं नाव झाकलं. चुकले मी."

मग उचकी आली.

गिऱ्हाईक म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

वन्सं माझ्याकडे पाहत राहिल्या. मग खाली मान घालून, मला वाटते, हसल्या.

"किल्ली," चिरंजीवांनी हात पुढे केला. "ही अशी गाडी आता परत तरी कोण घेणार!" त्यांनी किल्ली वन्संच्या तळहातावर ठेवली. "आत्या, तू सांभाळ. आईच्या हाती जन्मात लागू द्यायची नाही!"

वन्संनी दुसऱ्या दिवशी शिकवणी लावली आणि तीन महिन्यांत परवाना काढला. आता निळी गाडी त्याच चालवतात. मी शेजारी बसते आणि 'हात आत घ्या, वहिनी' हे निमूटपणे ऐकते. पाहुणे आले की टाकीचा किस्सा त्या सांगतात. परवा ती टाकी दुमजली झाली होती! न्हावी, वस्तरा, अर्धी दाढी, सारे रंगवून सांगतात. मी समोर विणत बसते. विणकाम मला येत नाही, शिकते आहे.

काल एक टाका सुटला. मी काही बोलले नाही.