एकशे एकोणनव्वद मिलिलिटर भीती

मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करणारा विद्यार्थी आहे. "मला वाटते" असे म्हणण्यापूर्वी मी दोनदा विचार करतो आणि मग "असे वाटण्यास वाव आहे" असे म्हणतो. (लग्न ठरतानाही मी असेच म्हणालो होतो. पत्नीने ते होकारार्थी धरले.) अशा माणसाने एका रविवारी सकाळी, हातात चहाचा कप असताना, कोणतीही पूर्वतयारी न करता "त्यात काय, मोजून देतो की मी!" असे म्हणून टाकावे, ही घटना दुर्मिळ या सदरात मोडते. परंतु ती घडली, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

मोजून द्यायची होती ती भीती.

माझ्या मेहुण्याचे चष्म्याचे दुकान आहे. दुकान बंद केले की तो चित्रपट काढतो. त्याचा पहिला रहस्यपट 'चौथी किल्ली' आमच्याच घरात चित्रित झाला होता. त्यातील झाडून सगळी पात्रे चष्मा लावत असत. खून झालेल्या गृहस्थाच्या डोळ्यांवरही शेवटपर्यंत चष्मा होता, आणि त्याच्या काडीला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. पाहणाऱ्या प्रत्येकाने "छान झालाय हो!" असे सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून थिएटर रिकामे पडले. तरीही मेहुण्याने 'चौथी किल्ली : भाग दोन' काढला. त्याचे संकलन माझ्या पत्नीने केले. सहा महिने ती नोकरीवरून येऊन थेट संगणकासमोर बसत होती. त्या काळात मी स्वयंपाक शिकलो. (इतरांच्या मते, शिकलो नाही.)

आता अडचण थिएटरच्या मालकीणबाईंची होती.

"बाई म्हणतात, शुक्रवारपासूनचा आठवडा एक तर आपल्याला, नाहीतर एका जादूगाराच्या प्रयोगाला," मेहुणा सांगत होता. "म्हणाल्या, मागच्या वेळी सगळे छान-छान करून गेले. ह्या वेळी लोक खरंच दचकतात असा पुरावा आणा."

"आणि नाही आणला तर?" मी विचारले.

"तर कॅमेरा विकतो आणि जन्मभर लोकांचे नंबर काढत बसतो."

पत्नीने संगणकाच्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली, वास्तविक तिथे धूळ नव्हती. ते पाहून मी ते वाक्य उच्चारले.

"बघ हं डॉक्टर," मेहुणा म्हणाला. (मी अद्याप डॉक्टर झालेलो नाही. तो मला चार वर्षांपासून डॉक्टर म्हणतो. सुरुवातीला ते प्रोत्साहन होते.)

प्रेक्षकाला विचारून उपयोग नाही, कारण प्रेक्षक सभ्य असतो. तेव्हा त्याला न विचारता, त्याच्या नकळत भीती मोजावी, असे मी ठरवले. माणूस दचकला की त्याचा हात हलतो. हातात काठोकाठ भरलेला ग्लास असेल तर पाणी सांडते. चित्रपटापूर्वी ग्लासात दोनशे मिलिलिटर पाणी भरायचे, चित्रपटानंतर उरलेले मोजपात्रात मोजायचे. वजाबाकी केली की भीती हाती येते. ही पद्धत सुचली तेव्हा मी इतका हरखलो की आमटीत मीठ दोनदा टाकले.

"खाली एकेक बशी देऊ का?" पत्नीने विचारले. "सांडलेलं पाणी तरी दिसेल."

"नको. बशीच्या आवाजाने एकाग्रता भंगते. निष्कर्षावर परिणाम होईल."

"आणि कशासाठी ग्लास दिलाय, ते सांगायचं ना?"

"अजिबात नाही! सांगितलं की वागणं नैसर्गिक राहत नाही."

ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. ते कौतुक असावे असे वाटण्यास त्या वेळी वाव होता.

बुधवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात बारा प्रेक्षक जमले. सासूबाई, खालच्या मजल्यावरच्या काकू, एक दंतवैद्य, इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, पत्नीचे एक वृद्ध काका आणि इतर सात. मी पडदे ओढले आणि प्रत्येकाच्या हातात भरलेला ग्लास देऊन गंभीरपणे म्हणालो, "हातात धरून ठेवा." मेहुण्याने त्याच्या परीने आदरातिथ्य म्हणून सर्वांना खारे पॉपकॉर्न वाटले. मी सर्वांच्या मागे वही घेऊन बसलो. अंधारात मला फक्त डोकी दिसत होती.

प्रतिक्रिया मात्र स्पष्ट ऐकू येत होत्या.

"अगं, हा तर तुमचाच पडदा!" काकू म्हणाल्या. "धुतला वाटतं मधे."

"तो निळ्या स्वेटरवाला खुनी नाही," सासूबाईंनी पहिल्याच मिनिटाला जाहीर केले.

"कशावरून आई?" मेहुण्याने विचारले.

"स्वेटर मी विणलाय."

"ही लिफ्ट नाहीये," मेकॅनिक अस्वस्थ होऊन म्हणाला. "हे कपाट आहे. आत हँगर दिसतायत."

"प्रेताचे दात मात्र फार निरोगी आहेत," दंतवैद्य पुटपुटले. "नियमित तपासणी होत असणार."

"शांत राहा हो सगळे! आता किल्ली सापडणार आहे!" मेहुणा कळवळून म्हणाला.

किल्ली सापडली. चित्रपट संपला. सर्वांनी "छान झालाय हो!" असे सांगितले. मी त्या शब्दांकडे शास्त्रीय दुर्लक्ष केले आणि ग्लास गोळा केले.

बारापैकी अकरा ग्लास जवळजवळ रिकामे होते!

बारावा ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर जसाच्या तसा भरलेला होता. तो काकांचा होता, आणि काका पहिल्या दहा मिनिटांतच झोपले होते. याहून सुसंगत माहिती मी माझ्या उभ्या विद्यार्थिदशेत पाहिली नव्हती. जो जागा होता तो दचकला, जो झोपला तो दचकला नाही! काकांना वगळून प्रतिव्यक्ती सरासरी भीती एकशे एकोणनव्वद मिलिलिटर भरली. फरशी मात्र कोरडी होती. ती बाब मी दडपली नाही. वहीत "सतरंजीने शोषले असावे" अशी प्रामाणिक नोंद केली. सतरंजीला हात लावून पाहण्याचे तेवढे राहून गेले.

मालकीणबाईंनी माझा हातभर लांबीचा आलेख टेबलावर पसरून पाहिला. "म्हणजे लोकांनी ग्लासच्या ग्लास उपडे केले?"

"माहिती तसे सुचवते," मी सावधपणे म्हणालो.

"मग आठवडा तुमचा," बाई म्हणाल्या. पत्नीने त्या संध्याकाळी माझ्या हातची आमटी दोनदा वाढून घेतली. संशोधकाला आयुष्यात आणखी काय हवे असते!

परंतु मालकीणबाई व्यवसायात मुरलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी थिएटरच्या दारावर फलक लागला : 'तोंडचं पाणी पळवणारा चित्रपट, हातचंही पळवेल! प्रत्येकाला एक भरलेला ग्लास. प्यायचा नाही, धरायचा! शेवटी सर्वांसमोर मोजणार. शुक्रवार दुपारी तीन.' खाली मोठ्या अक्षरांत माझी सरासरी होती. मी तो फलक तीन वेळा वाचला आणि घरी येऊन इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

शुक्रवारी सकाळी काकू विरजण मागायला आल्या. पत्नी सहज म्हणाली, "काकू, परवा खूप घाबरलात ना? तुमच्या ग्लासात तर थेंब उरला नव्हता."

"घाबरते कशाला? प्यायले मी."

पत्नीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "प्यायलात?"

"मग काय करणार? ते पॉपकॉर्न म्हणजे नुसतं मीठ. शिवाय तुझ्या नवऱ्याने इतक्या गंभीरपणे हातात दिलं की मला वाटलं काढा आहे. म्हटलं, संपवावा. सगळेच प्यायले की. दंतवैद्यांनी तर चूळ भरली आणि मग प्यायले."

मी सतरंजीवर बसलो. ती ठणठणीत कोरडी होती.

"म्हणजे," पत्नी सावकाश म्हणाली, "अकरा माणसांना तहान लागली, एवढंच तू सिद्ध केलंस."

"काकांना लागली नाही, हेही," मी म्हणालो. मला केवळ अचूक राहायचे होते.

ती हसली नाही. "आज दीडशे माणसं येणार आहेत. त्यांना पिऊ नका म्हणून सांगितलंय. शेवटी दीडशे भरलेले ग्लास मोजले, की दादाचं काय आणि माझ्या सहा महिन्यांचं काय?"

दुपारी तीन वाजता मी थिएटरात होतो. बगलेत आलेखाची गुंडाळी, कारण बाईंना खरे सांगायचे तर मूळ कागदपत्रांसह सांगावे असे मला वाटत होते. माझ्याही हातात दारावरच्या माणसाने ग्लास दिला होता. थिएटर लहान. वरची खोली दुरुस्तीला काढल्यामुळे प्रोजेक्टर मधल्या वाटेत टेबलावर मांडला होता. एका बाजूला, माझ्या तीन रांगा पुढे, मेहुणा आणि पत्नी बसले होते. मालकीणबाई पहिल्या रांगेत मांडीवर मोजपात्र घेऊन बसल्या होत्या.

तासभर उलटला. दीडशे ग्लास दीडशे हातांत, आणि पाणी इतके स्थिर की त्यात पडद्याचे प्रतिबिंब पडावे. मागून कोणीतरी म्हणाले, "ते कपाट आहे." दुसरा म्हणाला, "नायिकेची फ्रेम बरी दिसते, कुठल्या दुकानातली आहे रे?" मेहुण्याची मान हळूहळू कॉलरमध्ये जात होती. पत्नी पडद्याकडे पाहतच नव्हती. ती लोकांच्या ग्लासांकडे पाहत होती.

ते मला बघवेना. सर्वांसमोर फजिती होण्यापूर्वी बाईंच्या कानात सांगावे, दोष सगळा पद्धतीचा आहे, चित्रपटाचा नाही, असे म्हणावे, म्हणून मी उठलो. कोणाला त्रास होऊ नये यासाठी पूर्ण वाकून मधल्या वाटेने निघालो. पडद्यावर त्या क्षणी नायिका एका पांढऱ्या भिंतीसमोर किल्ली घेऊन एकटी उभी होती. पार्श्वसंगीत नव्हते. (नंतर कळले की त्यासाठीचा वादक आला नव्हता.)

"अरे, खाली बस!" पत्नी दबक्या आवाजात ओरडली.

आज्ञाधारक माणूस हाक आली की वळून पाहतो. मी प्रोजेक्टरच्या अगदी समोर ताठ उभा राहिलो आणि वळलो.

नायिकेच्या मागे, भिंतीवर, छतापर्यंत उंच अशी एक काळी आकृती उगवली. तिच्या बगलेत सोटा होता. ती नायिकेकडे वळली.

दीडशे माणसे एकदम किंचाळली. काय झाले ते पाहण्यासाठी मी पडद्याकडे वळलो. तिथे एक अक्राळविक्राळ माणूस सोटा घेऊन उभा होता, आणि मी वळताच तोही वळला! मी जी किंकाळी फोडली ती दीडशे जणांच्या किंकाळीहून वेगळी ऐकू आली, असे प्रत्यक्षदर्शी सांगतात. मी पळालो. तोही पळाला. त्यामुळे लोक पुन्हा किंचाळले. माझ्या हातातला ग्लास माझ्याच अंगावर रिकामा झाला आणि पँट ओली झाली. (ते ग्लासातले पाणी होते. मी हे लेखी देण्यास तयार आहे. अद्याप कोणी मागितलेले नाही.)

दिवे लागले. फरशीवर तळे झाले होते. लोक निथळत होते आणि टाळ्या वाजवत होते. मेहुणा खुर्चीवर उभा होता. पत्नी तोंडावर हात धरून हसत होती की रडत होती, ते मला त्या अंतरावरून निश्चित सांगता आले नाही.

मी निथळत बाईंसमोर गेलो. "बाई, परवाचे अकरा ग्लास लोक प्यायले होते. माझी सरासरी चुकीची आहे."

"आणि आजचं पाणी?"

"आजचं खरंच सांडलं. पण ती सावली चित्रपटातली नव्हती. माझी होती."

बाईंनी एकदा फरशीकडे आणि एकदा माझ्या पँटकडे पाहिले. "खरं सांगितलंत, बरं केलंत. आठवडा दिला. फक्त ही सावली रोज तीन वाजता आणि सहा वाजता आली पाहिजे."

"मी?" मी म्हणालो. "माझा प्रबंध..."

"येईल तो," पत्नी मागून म्हणाली. तिने माझ्या बगलेतली गुंडाळी नीट केली. "आणि ह्याला आमटीतूनही आठवडाभर सुट्टी."

आठवडाभर मी रोज दोनदा ताठ उभा राहिलो, वळलो, किंचाळलो आणि पळालो. प्रत्येक खेळाला फरशी ओली झाली, आणि माझी पँटही. मेहुण्याने कॅमेरा विकला नाही. शेवटच्या दिवशी पत्नीने, शास्त्रीय पद्धतीने, सर्व प्रेक्षकांकडून लेखी प्रतिक्रिया मागवल्या. प्रश्न एकच : 'कोणते पात्र सर्वांत प्रभावी वाटले?' ब्याऐंशी टक्के लोकांनी निनावी चिठ्ठ्यांवर 'सावली' असे लिहिले. मी ती टक्केवारी दोनदा तपासली, आणि प्रथमच कोणत्याही सावधगिरीशिवाय मला आनंद झाला.

मग पत्नीने शेवटची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर नाव नव्हते, परंतु सासूबाईंचे अक्षर मी ओळखतो.

'सावली उत्तम,' त्यांनी लिहिले होते. 'मात्र ती पडद्यावरून गेल्यावर समोरून जो ओल्या पँटमधला माणूस ओरडत पळतो, त्याला पुढच्या खेळापासून काढून टाकावे. तो खरा वाटत नाही.'