उकंडरावांनी फ्लोट उकळला

"हे पाय गीता, रेल्वे चुकीन, एसटी चुकीन, पण माही जीप नाही चुकायची! उद्या पूनमले नांदुऱ्याच्या ठेसनावरून आणीन तं जिपीतच आणीन. नाही आणलं तं ही जीप भंगारवाल्याले देऊन टाकीन!"

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटता वाटता उकंडरावांनी ही घोषणा केली आणि वरवट बकालमधल्या निम्म्या घरांना ती ऐकू गेली. उकंडरावांचा आवाजच तसा! ते कुणाच्या कानात काही सांगायला लागले की बाजूच्या आळीतले लोक माना डोलावतात.

ही जीप म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे हो! लष्करातून मोडीत निघालेली, हिरव्या रंगाची, काच पुढे पाडता येणारी अस्सल फौजी जीप. उकंडरावांनी ती आणली तेव्हा पूनम एवढीशी होती. ती जीपच्या बॉनेटवर चढून कोंबड्यांकडून सलामी घ्यायची. कोंबड्या सलामी देत नसत, पण पूनमने हट्ट सोडला नाही. मोठी झाली, पहाटे उठून धावली, भरती झाली, आणि आता निमलष्करी दलाचं ट्रेनिंग संपवून वर्दीत पहिल्यांदा घरी येत होती. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, आणाले येजा मंग जीप घिऊन." त्या दिवसापासून उकंडराव जीपला रोज पुसत होते. लेकीने दुसरं काही मागितलंच नव्हतं, म्हणून त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

आता घोषणा केली खरी, पण दसऱ्याच्या सकाळी त्यांनी एक पराक्रम करून ठेवला होता. जीप चकाचक करायची म्हणून त्यांनी कार्बोरेटर खोलला. तेवढ्यात गीताबाईंनी पूजा मांडली. विळा, पावशी, कुऱ्हाड, शिवणयंत्र, सगळी हत्यारं ओळीने बसली. उकंडरावांना राहवेना. "हे बी आपलं हत्यारच हाय!" म्हणत त्यांनी कार्बोरेटरचे सुटे भाग ताटात ठेवले आणि त्यांना हळद-कुंकू वाहिलं. वर मूठभर अक्षता अशा उधळल्या की जणू कार्बोरेटरचंच लग्न! मग फुंकर मारून सगळं परत बसवलं आणि जीप सुरू करून न बघताच सोनं वाटायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ढोलताशावाले येऊन बसले. उकंडरावांनी पांढरं धोतर, कोशाचा फेटा असा थाट केला आणि जीपमध्ये बसून स्टार्टर मारला. जीप खोकली. मागून काळाकुट्ट धूर निघाला, पुढून बॉनेटखालून पेट्रोलची धार लागली आणि मग जीप गप्पच झाली.

शेजारचे नारायणराव धावत आले. एसटीत ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही गाडीचं निदान लांबूनच करत.

"पेट्रोल ओव्हर होऊन राह्यलं, उकंडराव!"

"थे मले बी दिसून राह्यलं! पहिले तुमी थे बिडी फेका!"

नारायणरावांनी बिडी फेकली आणि समजावून सांगितलं. कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचा एक पोकळ गोळा तरंगतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुईने पेट्रोलचं भोक बंद करतो, छपरावरच्या टाकीतला कॉक बंद होतो तसं. फ्लोटालाच भोक पडलं की तो बुडतो आणि पेट्रोल वाहतच राहतं.

"फ्लोट गेला तुमचा," नारायणराव म्हणाले. "काहाडा आन गरम पाण्यात बुडवून पहा. भोक असन तं बुडबुडे येतीन."

सल्ला शंभर टक्के खरा होता! उकंडराव फ्लोट घेऊन स्वयंपाकघरात शिरले. गीताबाई अंगणात रांगोळी काढत होत्या. चुलीवर मोठं पातेलं होतं, त्यात पाणी खळखळा उकळत होतं. उकंडरावांनी फ्लोट चिमट्यात धरून त्यात बुडवला. बाप रे बाप! बुडबुडेच बुडबुडे! वरून, खालून, चारी बाजूंनी!

"फ्लोटाची तं चाळणी झाली!" ते ओरडतच बाहेर आले.

तेवढ्यात फोन वाजला. पूनम!

"बाबा, गाडीनं अकोला सोडलं. निघाले का तुमी?"

"निघालोच!" उकंडराव म्हणाले. त्यांच्या एका हातात फ्लोट होता आणि जीप चाकाखाली दगड लावून उभी होती.

परसात बसून त्यांनी कथील वितळवून फ्लोटाला डाग द्यायला घेतलं. आता भोक काही केल्या दिसेना. पण बुडबुडे तर सगळीकडूनच आले होते! मग त्यांनी सगळीकडेच डाग दिले. नारायणराव मध्येच म्हणाले, "लई होऊन राह्यलं नाही का?" पण उकंडराव आता थांबणाऱ्यातले नव्हते. शेवटी फ्लोटाचा असा काही जाडजूड लाडू झाला की हातातून सुटून पायावर पडला तेव्हा ते स्वतःच कळवळले.

पुन्हा फोन.

"बाबा, शेगाव आलं. कुठी हा तुमी?"

"हे काय, आपल्या गावच्या फाट्यावर!"

आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून गीताबाईंचा आवाज आला, "अहो! माह्या चहाच्या पाण्यात तुमी काय घातलं होतं?"

"बाबा, आई बी आली का फाट्यावर?"

"हाव... म्हणजे... आवाज येऊन नाही राह्यला तुहा!" असं म्हणून त्यांनी फोन कापला.

इकडे ढोलताशावाल्यांनी चहाचा पहिला घोट घेतला होता. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने खिशातून काढलेली काडीपेटी हळूच परत खिशात घातली. तिसरा भिडस्त होता, तो म्हणाला, "चहा चांगला हाय काकू, पण थोडा पेट्रोलावानी लागून राह्यला."

गीताबाई पदर खोचून परसात आल्या. उकंडरावांनी बुडबुड्यांची सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "पाणी उकळत होतं नं?"

"हाव."

"उकळत्या पाण्यात बुडबुडे नाही येतीन, तं काय लाह्या फुटतीन?"

नारायणरावांनी कपाळावर हात मारला. "म्या गरम पाणी म्हणलं होतं हो! उकळतं कधी म्हणलं?"

उकंडरावांचं तोंड उतरलं. तरी हिंमत करून त्यांनी तो डाग दिलेला फ्लोट जीपला बसवला आणि स्टार्टर मारला. आता तर धार नाही, पाटच वाहिला! घाईघाईने सगळं पुन्हा खोललं. सुई जिथे बसते ती पितळेची बारीक बैठक गीताबाईंच्या हातात दिली. तांदूळ निवडायची सवय त्या बाईच्या डोळ्यांना! त्यांनी ती उन्हाकडे धरून एक डोळा मिटला.

"यात दाणा हाय."

"कायचा दाणा?"

पदराला लावलेली टाचणी काढून त्यांनी दाणा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. तांदूळ! हळदीत माखलेला, पिवळाधमक! भोकात अक्षता अडकली होती, म्हणून सुई बसत नव्हती आणि पेट्रोल वाहत होतं. फ्लोट बिचारा ठणठणीत होता. म्हणजे सकाळपर्यंत होता. आता त्याला तरंगायचंच माहीत नव्हतं, वाटीत टाकला की दगडासारखा तळाला जाऊन बसत होता.

"कोणं वाह्यल्या ह्या अक्षता?" एक ढोलवाला म्हणाला. सगळ्यांनी उकंडरावांकडे पाहिलं.

उकंडराव मडगार्डवर बसले. फेटा सुटून खांद्यावर आला होता, धोतरावर काळे डाग पडले होते. "गीता," ते हळू आवाजात म्हणाले, आणि हळू आवाजात ते बोलले हीच मोठी गोष्ट होती, "पोरीनं एकच मांगितलं होतं वं." गीताबाईंचा सगळा राग तिथेच विरघळला. त्यांनी सुटलेला फेटा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

तिसऱ्यांदा फोन वाजला.

"बाबा, ठेसनावर तुमी दिसले नाही म्हणून मी एसटीत बसली. तुमी फाट्यावरच हा नं? मंग तथीच थांबा. मी फाट्यावर उतरतो. जिपीतच घरी जाऊ!"

आता आली का पंचाईत! फाट्यावर आहे असं सांगून बसलेला माणूस घरी, आणि जीप तर जागची हलायला तयार नाही. ढकलत न्यावी तर मध्ये चढ. ट्रॅक्टर बोलवावा तर सगळे ट्रॅक्टर सोयाबीनच्या मळणीला गेलेले. गीताबाई गोठ्याकडे गेल्या आणि पाखऱ्या-हरण्याची जोडी सोडून घेऊन आल्या.

"फौजेच्या गाडीले बैल?" उकंडराव उसळले. "काय इज्जत राहीन?"

"इज्जत जाऊ द्या. पोरगी उनात उभी राहीन तिकडं. बसा स्टेरिंगवर!"

दोर बांधले. नारायणराव बैलांपुढे, उकंडराव स्टेअरिंगवर, मागे गीताबाई ओवाळणीचं ताट सांभाळत, आणि त्यांच्या मागे ढोलताशा. बेत असा ठरला की फाट्यावर पोचलं की बैल सोडून झाडामागे न्यायचे आणि जीप नुकतीच बंद पडली असं सांगायचं. बेत उत्तम होता! पण फाट्यावर पोचतात न पोचतात तोच एसटी समोर येऊन थांबली.

पूनम उतरली. कडक इस्त्रीची वर्दी, खांद्यावर बॅग, उन्हाने रापलेला चेहरा. तिने जीप पाहिली. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून समोर बघणारे बाबा पाहिले. मग जीपसमोर निवांत रवंथ करणारे पाखऱ्या आणि हरण्या पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "इंजिन तं लई भारी बसवलं तुमी! दोन दोन शिंगाचं!"

"पूनम, त्याचं असं झालं का, थे अक्षता..."

"जीपच हाय नं? मंग झालं!"

तिने बॅग मागे टाकली आणि लहानपणी चढायची तशी उडी मारून जीपवर चढली. उभी राहिली, टाचा जुळवल्या आणि आधी आईला, मग बाबांना कडक सॅल्यूट ठोकला. ढोल वाजले. बैलांनी खांदा दिला आणि जीप गावाकडे निघाली. उकंडराव भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत, ढसाढसा रडत होते. स्टेअरिंग मात्र त्यांनी सोडलं नाही.

मिरवणुकीचा व्हिडिओ कुणीतरी काढला आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'पेट्रोल वाचवा! शेतकरी बापाचा अनोखा संदेश.' उकंडरावांचे सत्कार सुरू झाले. त्यांनी सत्कार घेतले, पण मनातून ते खदखदत होते. संदेश कसला, डोंबलाचा! पूनमची सुटी संपायच्या आत त्यांनी खामगावहून नवा फ्लोट आणला, कार्बोरेटर नीट बसवला, आणि जीप एका झटक्यात अशी सुरू झाली की कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या. नारायणरावांना बोलवून त्यांनी ते इंजिन तासभर ऐकवलं.

तेवढ्यात फोन आला. देऊळघाटचे महादेवराव म्हणून कोणी होते.

"उकंडरावजी, आमच्या शेखरचं लगन हाय. नवरदेवासाठी तुमची जीप पाह्यजे होती."

उकंडरावांची छाती फुगली. "घिऊन जा नं बाप्पा! आता तं अशी पळते का इचारू नका! हा पहा आवाज!" त्यांनी फोन थेट बॉनेटपाशी धरला आणि नारायणरावांना ॲक्सिलरेटर दाबायला लावला.

"नाही नाही, थे बंद करा!" पलीकडून घाबरा आवाज आला. "थे इंजिन-बिंजिन चालू नका करू बरं त्या दिवशी. बैल बुजतीन! आमाले थे व्हिडिओतल्यावानीच बंद पडलेली पाह्यजे!"