फक्त विद्यार्थ्याशीच बोलू

गुरुवारी सकाळी आठ वाजता टॅम्सिन हारग्रीव्हचा शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला. विद्यापीठात भूगोलाच्या प्रवेशासाठी तीन विषयांत एक ए आणि दोन बी अशा श्रेणी हव्या होत्या. हाती आल्या दोन सी आणि एक डी. ठरलेली जागा गेली. आता कुठे जागा उरल्यात ते बघून विद्यापीठांना फोन लावायचे, एवढंच राहिलं होतं.

यादीत भूगोलासाठी बरं म्हणावं असं एकच विद्यापीठ होतं. टॅम्सिनच्या आईने, ग्लेनिसबाईंनी, घरचा फोन लावला. "रांगेत आपला क्रमांक सत्तेचाळीस," यंत्र म्हणालं.

"तू धरून बस. नंबर आला की हाक मार," असं सांगून टॅम्सिन मोबाइल घेऊन न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. पोरगी रडायला गेली, असं आईने धरलं. वडील क्लाइव्ह चहा ओतता ओतता विद्यापीठाचे नियम वाचत होते.

"ऐक. 'आम्ही फक्त विद्यार्थ्याशीच बोलू. पालकांनी फोन करू नये.'"

"मी कुठे बोलतेय? मी नुसती रांगेत उभी आहे."

पन्नास मिनिटं आणि तीन कप चहानंतर रांगेतला क्रमांक दोनवर आला. हाका मारून झाल्या. क्लाइव्हनी वर जाऊन दार ठोठावलं. उत्तर नाही.

"ठेवून दे. पुन्हा लावू," ते जिन्यावरून ओरडले.

"इतका वेळ उभं राहून रांग सोडू? आपण इंग्रज आहोत की फ्रेंच?"

"नमस्कार. आपलं नाव?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

ग्लेनिसबाईंनी जन्मात कधी रांग सोडली नव्हती, आणि खोटंही बोलल्या नव्हत्या. आता दोन्हीपैकी एक सोडणं भाग होतं.

"टॅम्सिन हारग्रीव्ह."

अर्जाचा क्रमांक समोर कागदावर होता. जन्मतारीख त्यांच्याइतकी कोणाला पाठ असणार?

"भूगोलच का?"

घरामागची नदी दोनदा तळघरात शिरून गेली होती. वरच्या अंगाची झाडं कोणी तोडली, मोटारतळ कुठे बांधला, तेव्हापासून पाणी कुठून वळतं, हे सगळं ग्लेनिसबाईंनी सहा मिनिटं न थांबता सांगितलं. त्यात राग खरा होता. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "जागा तुझी."

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने न्हाणीघराचं दार उघडलं. कानातल्या वायरी ओढत टॅम्सिन खाली आली. चेहरा लालबुंद.

"अगं, होतीस कुठे?"

"त्याच रांगेत! माझ्या मोबाइलवरून. तुझ्या हाकेवर कोण विसंबणार? आत्ता लागला माझा नंबर."

"मग?"

"नाव सांगितलं. फोनवरची बाई कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, टॅम्सिनशी आमचं बोलणं झालं, फार हुशार मुलगी आहे. आणि मला म्हणते, 'बाई, तुमची काळजी समजते, पण आम्ही पालकांशी बोलत नाही. आता तरी लेकीला स्वतःच्या पायावर उभं राहू द्या.'"

ग्लेनिसबाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला.

"बरोबरच बोलली ती," त्या म्हणाल्या. "बस खाली. तुला नदीचं सांगते."