बिशपचं शेवटचं पीस

अनिसेतोने धाग्याची शेवटची गाठ मारली आणि खुर्चीतून टुणकन उडीच मारली. "ओनोरिना! अगं, आधी इकडे ये! झाली माशी! आता फक्त उडायची राहिलीय!"

मासे भुलवायची खोटी माशी ती: तांदळाच्या दाण्याएवढा गळ आणि त्यावर राखाडी पिसाचा तुरा. पीस त्याच्या बिशप नावाच्या कोंबड्याच्या पाठीवरचं. कुरुएन्यो नदीकाठी अशा पिसांचे कोंबडे कुणी कापत नाही. पिसं उपटून घेतात आणि नवी यायची वाट बघतात. या खेपेचं हे शेवटचं पीस. आणि उद्याच्या ट्राउट मासे धरायच्या स्पर्धेवर या गृहस्थाने पैज लावली होती ती खुद्द बिशपची! मेव्हण्याने, बेलार्मिनोने, मोठा मासा धरला, तर कोंबडा त्याचा.

ओनोरिना हात पुसत आली. "कुठाय?"

टेबलावर काहीच नव्हतं.

मग काय विचारता! खुर्च्या उलट्या झाल्या, गालिचा अंगणात गेला, चुलीवरचं सूप चाळणीतून निघालं.

"अहो, लसणीचं सूप कुणी गाळतं का?"

"माशी पडली असेल त्यात!"

"माझ्या सुपात माशी? काय बोलताय!"

आरडाओरडा ऐकून बेलार्मिनो डोकावला. "दाजी, काय हरवलंय?"

"काही नाही! तू जा!"

"मग कोपराला काय लटकलंय?"

माशी त्याच्या अंगातल्या स्वेटरच्या लोकरीत रुतून बसली होती. ओढावी, तर पीस निघणार.

"कैची आण! स्वेटर कापतो."

"खबरदार! अख्खा हिवाळा विणत होते मी."

"अगं, कोंबडा जाईल!"

"जाऊ दे की! पहाटे झोपायला तरी मिळेल."

अनिसेतोचा चेहरा असा काही पडला, की तिने स्वतःच कैची चालवली. गळ सुटला, पण तांबड्या लोकरीचा गोंडा घेऊनच.

"शेपटीवाली माशी!" बेलार्मिनो पोट धरून हसला. "दाजी, मी खुराडं झाडून ठेवतो."

रविवारी त्याने सकाळीच चांगला हातभर मासा काढला. अनिसेतोने माशी पाण्यावर टाकली. सपकन झडप! दोरी ताणली, आणि सैल पडली. मासा पळाला तो पीस घेऊनच. गळावर उरला नुसता गोंडा.

"मेलो! गेला माझा बिशप!" त्याने वैतागून तोच गोंडा परत भिरकावला.

पाणी असं उसळलं, की काठावरची माणसं ओरडायला लागली. "सोडू नका! दाजी, सोडू नका!" यात बेलार्मिनोचाही आवाज होता, पैजेचं भान कुणाला होतं! मासा बाहेर आला तो बेलार्मिनोच्या माशाच्या दीडपट.

दुपारी अनिसेतोच्या दारात गाव लोटलं.

"वहिनी, चिमूटभर लोकर द्या ना."

"ताई, मी तर सख्खा भाऊ!" बेलार्मिनो सगळ्यांच्या पुढे.

ओनोरिना मजेत कैची चालवत होती. अनिसेतोच्या अंगावरच्याच स्वेटरची एक बाही संपली, दुसरी निम्म्यावर आली. अंगणात बिशप उरलेला पिसारा फुलवून फिरत होता, पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

गर्दी ओसरल्यावर तिने कोंबड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, आता पिसं काही कुणी विचारत नाही. रविवार आहे, भात टाकलाच आहे..."

अनिसेतोने बिशपला काखोटीला मारलं आणि उघड्या हातांनी कुडकुडत धूम ठोकली, ती थेट बेलार्मिनोच्या घराकडे.

"मेव्हण्या, दार उघड! ते झाडलेलं खुराडं कुठाय?"