हौसाक्का आणि माझी चटणी

आधीच सांगते, माझी शाळा चौथीत सुटली. शुद्धलेखनाच्या चुका असणारच. अक्षर तर असं, की आमच्या ह्यांनी एकदा माझी चिठ्ठी उलटी धरून वाचली. तेवढं सांभाळून घ्यावं.

कोल्हापुरात आमच्या शेजारी हौसाक्का राहायच्या. मयताला गेल्या तरी त्यांना गप्प राहवायचं नाही. एकदा निघालेली तिरडी त्यांनी खाली ठेवायला लावली. "उंच माणसं डोक्याकडं या. असं उतारावर नेलं तर म्हाताऱ्याला चक्कर यील की!" चौघांनी मुकाट जागा बदलल्या.

हुकमाआधी त्या हमखास म्हणायच्या, "मी सांगत न्हाय हं, पण असंच करायचं."

जोतिबाला जाताना तर एसटीच्या ड्रायव्हरमागं बसून त्यांनी अख्खा घाट चढवला. "आता गेर टाका, पावणं. हॉर्न द्या." शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच या हिकडं. मी तिकीट काढून बसतो." अक्कांनी लगेच पदर खोचला. आम्ही त्यांना धरून ठेवलं.

त्यांची रीत मला उशिरा कळली. आधी काळजी करायच्या, "किती दमलीस गं," आणि बोलता बोलता हातातलं भांडं काढून घ्यायच्या. भांडं गेलं की सैपाक गेला. मी लाजरी, मान खाली घालून बोलणारी. त्यामुळं माझ्या घरात पडदे त्यांच्या आवडीचे आणि आमटीत गूळ त्यांच्या अंदाजानं.

मग उन्हाळा आला, वर्षाची चटणी करायची वेळ झाली. माझी आई गडहिंग्लजची. तिच्या चटणीत तीळ भरपूर, खोबरं जरा जास्तच भाजलेलं. दरवर्षी डबा तिच्याकडून यायचा. त्या वर्षी आई नव्हती. ती चव माझ्या हातून गेली, तर परत कुठून आणणार होते?

सगळं भाजून झालं, तोच अक्कांनी परात पुढ्यात ओढली.

"एवढं तीळ? काढ. खोबरं जळालंय, टाकून दे. मी सांगत न्हाय हं..."

"मग नका सांगू," मी म्हणाले.

स्वतःचा आवाज ऐकून मीच दचकले. अक्कांनी मागं वळून बघितलं, दुसरंच कोण बोललं की काय!

"काय म्हणालीस?"

"ही माझ्या आईची चटणी हाय, अक्का. बिघडली तर मी बिघडवीन."

त्या उठून गेल्या. पुढं काही दिवस गल्लीत लोकांनी आपापल्या मनानं कपडे वाळत घातले.

चटणी जमली. अगदी आईसारखी. वाटीभर घेऊन मी अक्कांकडं गेले. आजवर त्याच आमच्याकडं यायच्या, मी पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्यात. अक्का बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या. मला बघून चहा टाकायला उठल्या, तर आतून त्यांची सून म्हणाली, "आत्या, सैपाकघरात येऊ नका म्हणून सांगितलंय न्हवं? मी करती. बसा तिथंच."

"बरं," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी वाटी त्यांच्या हातात दिली. "अक्का, उद्या आमच्यात जेवायला या. पण तिखटमीठ मी घालणार."

दुसऱ्या दिवशी आल्या, त्या सैपाकघराच्या दाराशीच थांबल्या. मी डाळ घोटत होते.

"मंगल," त्या हळूच म्हणाल्या, "आमटीला फोडणी मी घालू का गं? लई दिस झालं, घातली न्हाय."

मी गॅसपासून बाजूला सरले.