छबूबाईंची कवळी आणि विलायतेचा मान

दोन देशांच्या कोर्टांनी एकमेकांचा मान राखणे, यावर सुधारलेल्या जगाचा डोलारा उभा आहे. डोलारा म्हटला की खाली कुणीतरी सापडायचंच. एकोणीसशे सत्तर साली केडगावच्या छबूबाई सापडल्या.

वैशाखात त्यांनी भिंगारच्या दातांच्या डॉक्टरांकडून विलायती कवळी बसवून घेतली. अट अशी, की सहा महिने वापरून बघा, पसंत पडली तर घ्या. तोवर मालकी कंपनीची. सात वर्षं आमटीत भाकरी कुस्करून गिळणाऱ्या बाईच्या मनात एकच होतं : यंदा आपल्या रानातला हुरडा आपण चावून खायचा. आणि नेमकं पाचव्या महिन्यात तिकडे विलायतेत कंपनीचं दिवाळं वाजलं.

तिथल्या कोर्टानं हुकूम काढला, की कंपनीचा माल जगात जिथे असेल तिथेच राहावा. कुणी हलवू नये, वापरू नये. हुकूम इकडच्या कोर्टात आला. (कोणत्या, ते सांगत नाही. बेअदबी होते.) तो मानायलाच हवा असं कायद्यात कुठं नव्हतं. पण न्यायाधीशसाहेब दिलदार. आज आपण त्यांचा मानला तर उद्या ते आपला मानतील, म्हणाले. (केडगावचा कुठला माल विलायतेत अडकणार होता, हे कुणी विचारलं नाही.)

मग कोर्टाचे नाजर सुमंत येऊन छबूबाईंच्या तोंडाचा पंचनामा करून गेले. वर चौदा, खाली चौदा, स्थिती उत्तम. माल हलवायचा नाही, म्हणून कवळी तोंडातच राहील. वापरायचा नाही, म्हणून चावायचं नाही. हसायला हरकत नव्हती; ते निव्वळ प्रदर्शन.

"आन् जेवायचं कसं वो, सायेब?"

"जेवा की, आजी. फक्त दात लागू देऊ नका."

"आवो, दात न लावता तर मी सात वर्सं जेवतीया! मंग हे काय तुमच्या कोर्टाला दाखवायला बसिवलेत व्हय?"

छबूबाईंनी अर्ज केला. न्यायाधीशसाहेबांनी विलायतेला लिहिलं, आपली हरकत नसेल तर बाईस चावू द्यावे काय? उत्तर आलं, आपल्या न्यायबुद्धीबद्दल आम्हांस नितांत आदर आहे, आपण ठरवाल ते. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी उलट लिहिलं, छे छे, आधी आपण. पंगतीला बसताना दोन विहिणींचं चालतं तसं हे चाललं. तीन पत्रं गेली, तीन आली. चावण्याचा विषय त्यात दुसऱ्या पत्रापासून राहूनच गेला.

पौषात ज्वारी हुरड्याला आली. छबूबाईंनी सगळ्या वस्तीला रानात बोलावलं, कणसं भाजली, गरम हुरडा तोंडात टाकला आणि सर्वांदेखत कचाकचा चावला. त्यांना रडूच आलं.

"बया, किती ग्वाड हाय गं!" एवढंच त्या म्हणाल्या. वस्तीवरच्या एकोणतीस जणांनी त्यांचाच हुरडा खात खात हे पाहिलं.

आठवड्यात समन्स निघाली. एकोणतीसच्या एकोणतीस जणांनी शपथेवर सांगितलं, चावला. राग कुणाचाच नव्हता. पण कोर्टाचा मान असतो. शेजारच्या रतनबाईंनी तर किती घास, तेही सांगितलं. कवळी पुराव्यात जमा झाली. (ती हलवावी लागली, त्याबद्दल विलायतेला माफीचं पत्र गेलं.) छबूबाई पुन्हा भाकरी कुस्करू लागल्या.

खटला चालू आहे, आणि सरकारी वकिलांना आणखी एक साक्षीदार हवा आहे. छबूबाईंनी काय केलं, ते आता तुम्हालाही इत्थंभूत ठाऊक झालंय. आपण तोंडातून शब्द काढणार नाही, असं तुम्हाला वाटतंय ना? समन्स हातात पडेपर्यंत रतनबाईंनाही तसंच वाटत होतं. पत्ता तेवढा लिहून द्या.